स्क्लोदोव्स्काइट: हे नाव फोडायचं कसं, म्हणायचं कसं, वापरायचं कसं

कोल्हापुरात विज्ञान दिनाला कुठल्याही शाळेत गेलात तर मादाम क्युरींचा एक तरी तक्ता असतोयच, काळा ड्रेस, केस वर बांधलेले, खाली रेडियम, पोलोनियम, दोन नोबेल, आणि ते सगळं बरोबरच आहे. पण या बाईंच्या माहेरच्या आडनावाचं एक खनिज आहे हे लई कमी जणांना माहीत असतंय. नाव स्क्लोदोव्स्काइट. युरेनियमचं दुर्मिळ खनिज, पिवळं, बारीक सुयांचे झुपके असतात तसे स्फटिक. कुणाला ते क्विझच्या तयारीत भेटतं, कुणाला स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये, कुणाच्या पोराला प्रोजेक्टसाठी गुगल करताना, आणि भेटलं की माणूस दोनदा अडखळतो आणि मग सरळ 'क्युरींचं ते खनिज' म्हणून पुढं सरकतो. तसं करू नका एवढंच माझं म्हणणं आहे, एक तर क्युरी नावाचं खनिज वेगळंच आहे त्यामुळं घोळ होतो, आणि दुसरं म्हणजे ज्या बाईला जग नवऱ्याच्या आडनावानं ओळखतं तिचं स्वतःचं आडनाव जिथं शिल्लक आहे तिथं तरी ते पूर्ण घ्यावं. अवघड नाहीये, खाली एकेक करून सांगतो.

आधी नाव फोडा

शाळेत 'संधी सोडवा' म्हणून प्रश्न यायचा बघा, तसंच करायचं, फक्त सुरुवात शेवटाकडनं. शेवटचं 'आइट' बाजूला काढा. हा प्रत्यय ग्रीकमधनं लॅटिनमार्गे आलेला, अर्थ साधारण 'त्याचा', 'त्याच्याशी नातं असलेला', आणि खनिजांच्या नावाला तो फार जुन्या काळापासून लागत आलाय. ते काढलं की उरतं 'स्क्लोदोव्स्क'. हे आडनाव आहे, स्क्लोदोव्स्का, फक्त शेवटचा आ पुढच्या आइटनं खाल्लाय. पोलिश भाषेत बाईचं आडनाव 'स्का'नं संपतं आणि पुरुषाचं 'स्की'नं, म्हणजे वडील स्क्लोदोव्स्की आणि लेक स्क्लोदोव्स्का. आता आइट लागल्यावर हा फरक पुसला जातो, त्यामुळं नुसतं नाव बघून हे बापाचं की लेकीचं ते कळणार नाही, ते ठेवणाऱ्यानं कुणासाठी ठेवलं हेच माहीत असावं लागतं. ते लेकीचं आहे. मारिया सालोमेआ स्क्लोदोव्स्का, जन्म ७ नोव्हेंबर १८६७, वॉर्सा.

आणि नाव फोडून झाल्यावर त्यात काय नाही हेही बघून ठेवा. त्यात युरेनियम हा शब्द नाही, रंग नाही, गाव नाही, मॅग्नेशियम नाही. मॅग्नेशियमचा उल्लेख मुद्दाम केला कारण हे खनिज मॅग्नेशियमवालं आहे, एका मॅग्नेशियममागं दोन युरेनिल, दोन सिलिकेटचे गट आणि सहा पाण्याचे रेणू अशी त्याची रचना. युरेनिल म्हणजे एक युरेनियम आणि दोन ऑक्सिजन यांची जोडगोळी, ती या जातीच्या बऱ्याच पिवळ्या खनिजांमध्ये असते. तर सांगायचं एवढंच की माणसाच्या नावावरनं ठेवलेलं खनिज असलं की नावातनं रसायनशास्त्र शोधत बसू नका, नाव तुम्हाला फक्त माणूस देतंय.

नाव ठेवलं कुणी

बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातले आल्फ्रेड स्खूप, स्पेलिंग बघून लोक शोएप वगैरे म्हणतात पण डच पद्धतीनं ते स्खूप आहे. त्या काळात बेल्जियन काँगोतल्या कटांगा भागात शिंकोलोब्वे नावाची खाण होती, आज तो भाग काँगो लोकशाही प्रजासत्ताकात येतो, आणि तिथलं युरेनियमचं धातुक इतकं श्रीमंत होतं की १९२२ पासनं बेल्जियममध्ये ओलेन इथं त्यातनं रेडियम काढायला लागले. पुढं अमेरिकेच्या अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पाचं बरंचसं युरेनियमसुद्धा याच खाणीचं. तर तिथनं येणारे नमुने स्खूप तपासत होते आणि त्यात एकापाठोपाठ एक नवी खनिजं निघत गेली आणि त्यांनी किरणोत्साराच्या अभ्यासातल्या सगळ्या मोठ्या माणसांची नावं त्यांना देऊन टाकली. १९२१ ला क्युराइट, १९२२ ला बेकरेलाइट आणि सॉडीआइट, म्हणजे हेन्री बेकरेल आणि फ्रेडरिक सॉडी. आणि १९२४ ला स्क्लोदोव्स्काइट. (त्यांच्या स्वतःच्या नावाचं स्खूपाइट पण आहे, ते १९२३ चं, पण ते त्यांनी ठेवलेलं नाही, टी. एल. वॉकर यांनी ठेवलेलं. स्वतः शोधलेल्या खनिजाला स्वतःचंच नाव द्यायचं नाही असा आता नियमच आहे.)

आता इथं नीट लक्ष द्या कारण सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. क्युराइट हे मादाम क्युरींचे नवरे पिएर क्युरी यांच्या नावाचं. पिएर १९०६ मध्ये पॅरिसमध्ये घोडागाडीखाली सापडून गेले, क्युराइट त्यानंतर पंधरा वर्षांनी आलं. त्यामुळं जेव्हा मारी यांच्या नावानं खनिज आलं तेव्हा क्युरी हे आडनाव खनिजांच्या यादीत आधीच लागलेलं होतं, आणि बाईंच्या वाट्याला आलं ते त्यांचं लग्नाआधीचं, वॉर्साचं आडनाव. १९२४ ला त्या हयात होत्या, पॅरिसमध्ये रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये काम चालू होतं, दोन्ही नोबेल, १९०३ चं पदार्थविज्ञानाचं आणि १९११ चं रसायनशास्त्राचं, मिळून झालेली होती.

आणि त्यांनी स्वतः ते आडनाव कधी टाकलं नव्हतं हे मला लई महत्त्वाचं वाटतं. लग्न झालं १८९५ ला, आणि एप्रिल १८९८ मध्ये युरेनियम आणि थोरियमच्या किरणांवरचा त्यांचा पहिला निबंध फ्रेंच अकादमीपुढं आला तो 'मादाम स्क्लोदोव्स्का क्युरी' या नावानं. त्याच वर्षी जुलैत पोलोनियम, तो पोलंडवरनं, आणि तेव्हा नकाशावर पोलंड नावाचा स्वतंत्र देशच नव्हता, रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी वाटून घेतलेला. डिसेंबरात रेडियम. म्हणजे देशाचं नाव त्यांनी मूलद्रव्याला दिलं आणि त्यांचं घरचं नाव पुढं दुसऱ्या कुणीतरी खनिजाला दिलं. आपल्याकडं फेसबुकवर किती बायका माहेरचं आडनाव मधे लावतात ते का लावतात हे ज्याला कळतं त्याला या नावाचं वजन वेगळं समजावून सांगायला लागणार नाही.

जुन्या एखाद्या यादीत चिंकोलोब्वाइट असं नाव दिसलं तर ते हेच खनिज समजा, खाणीच्या गावावरनं दिलेलं, आता ते वापरत नाहीत.

म्हणायचं कसं

मूळ पोलिश उच्चार 'स्क्वोदॉफ्स्का' असा आहे. त्यांच्या लिपीत ते एल अक्षराला तिरकी रेघ मारतात आणि त्या रेघेच्या एलचा उच्चार व सारखा होतो, आणि डब्ल्यूचा उच्चार एरवी व पण पुढं स आला की फ कडं झुकतो. खनिजाचं नाव इंग्रजीत लिहिताना ती तिरकी रेघ गळाली आणि साधा एल आला, त्यामुळं खनिजाच्या बाबतीत 'स्क्लो' म्हणणं चूक नाही, जगभर तसंच म्हणतात. इंग्रजी बोलणारे 'स्क्लडॉफ्स्काइट' असं काहीतरी म्हणतात, जोर 'डॉफ'वर.

मराठी जिभेला यात खरी अडचण एकच, सुरुवातीचं जोडाक्षर. स्क आपल्याला येतं, क्ल आपल्याला येतं, पण स, क आणि ल तिघं एकदम आले की आपण मधे अ घालून 'सकलो' करतो. त्याला उपाय: आधी नुसतं 'क्लो' म्हणा, क्लोरीनमधलं. मग त्याच्या आधी स लांबवा, स्स्स्क्लो. मग 'दोव्स' म्हणा, मग 'काइट'. तीन तुकडे, स्क्लो, दोव्स, काइट, आणि जोर मधल्यावर. पोरांकडनं म्हणून घेताना टाळी वाजवत घ्या, पटकन बसतं.

द की ड? माझं मत स्पष्ट आहे, द. इंग्रजीतनं येणाऱ्या शब्दाला आपण सवयीनं ड लावतो, डॉक्टर, डिझेल, पण हे नाव इंग्रजीतनं आलेलंच नाही. पोलिशमध्ये तो द दातावरचा आहे, आणि नाव ठेवलं ते फ्रेंचमध्ये, तिथंही तो दातावरचाच. आपल्या लिपीत द आणि ड दोन्ही अक्षरं वेगळी आहेत, इंग्रजीला ती सोयच नाही, तर असलेली सोय का सोडायची. तुम्हाला ड लिहिलेलंही दिसेल आणि त्यानं काही परीक्षेत मार्क जात नाहीत, पण एकाच तक्त्यावर वर स्क्लोदोव्स्का आणि खाली स्क्लोडोव्स्काइट असं करू नका, बघणाऱ्याला ही दोन वेगळी माणसं वाटतात.

लिहायचं कसं

'आइट' की 'आईट'? वर्तमानपत्रात बॉक्साईट दिसतं, पुस्तकात बॉक्साइट. ऱ्हस्व लिहा, ग्रॅफाइट, ग्रॅनाइट लिहितो तसं, आणि एकदा ठरवलं की सगळीकडं तेच.

मोबाईलवर टाइप करताना 'व्स्का' तुटतंय बऱ्याच जणांचं. देवनागरी कीबोर्ड असेल तर व, हलन्त, स, हलन्त, क, काना, या क्रमानं एकेक दाबा. इंग्रजी अक्षरांत टाइप करून मराठी उमटवणारा कीबोर्ड असेल तर पूर्ण नाव एकदम देऊ नका, तो स्वतःच्या मनानं काहीतरी सुचवतो, त्यापेक्षा एकदा बरोबर लिहून सेव्ह करा आणि तिथनं कॉपी करत जा. फ्लेक्स करायला देताना तर नक्कीच, कारण डिझायनरकडं दुसरा फाँट असतोय आणि जोडाक्षर फुटून हलन्त बाहेर दिसायला लागतो, म्हणून प्रिंटच्या आधी प्रूफ बघा, अक्षर न अक्षर बघा.

लिंग कुठलं, तर नपुंसक, कारण आपण मनात 'खनिज' धरून बोलतो. ते स्क्लोदोव्स्काइट, स्क्लोदोव्स्काइट सापडलं, पिवळं असतं. खडकाचं नाव असलं की मात्र पुल्लिंगी होतं, ग्रॅनाइट कडक असतो, बेसाल्ट काळा असतो. विभक्ती लावताना 'स्क्लोदोव्स्काइटचा रंग', 'स्क्लोदोव्स्काइटमध्ये मॅग्नेशियम असतं'. व्याकरणाच्या हिशोबानं 'स्क्लोदोव्स्काइटाचा' पण होईल पण बोलताना ते जड जातं, मी तरी सरळ लावतो.

आता वाक्यात बघा. 'स्क्लोदोव्स्काइट नावाचा धातू' हे चूक, धातू युरेनियम. 'स्क्लोदोव्स्काइट नावाचं मूलद्रव्य' हेही चूक आणि हे लई वेळा दिसतं, कारण क्युरी दांपत्याच्या नावाचं मूलद्रव्य खरोखर आहे, क्युरियम, १९४४ ला तयार केलेलं, ते दोघांचं मिळून आहे. 'मारी क्युरींनी शोधलेलं खनिज' हे तर साफ चूक, त्यांनी शोधलं नाही, त्यांच्या सन्मानार्थ नाव दिलं. बरोबर वाक्य असं: स्क्लोदोव्स्काइट हे मॅग्नेशियम असलेलं युरेनियमचं सिलिकेट खनिज आहे आणि त्याला मारी स्क्लोदोव्स्का क्युरी यांचं नाव दिलेलं आहे.

पुढं 'कुप्रो' लागलं तर

कुप्रोस्क्लोदोव्स्काइट. इंग्रजीत सतरा अक्षरं, बघूनच माणूस पान उलटतो, पण आता तुम्हाला निम्मं आलेलंच आहे. कुप्रो म्हणजे तांबं, लॅटिन कुप्रम, आणि कुप्रम हे सायप्रस बेटावरनं. म्हणजे मॅग्नेशियमच्या जागी तांबं आलेलं भावंड. १९३३ मध्ये जे. एफ. वेस यांनी कटांगातल्याच कालोंग्वे इथल्या नमुन्यांवरनं याचं वर्णन केलं, आणि कोल्वेझीजवळच्या मुसोनोई खाणीतले नमुने संग्राहकांमध्ये सगळ्यात नावाजलेले, गर्द हिरव्या सुया. हिरवा रंग तांब्यामुळं.

यात एक चूक टाळा. 'तांबं मिसळलेलं स्क्लोदोव्स्काइट' असं लिहू नका. ते स्वतंत्र खनिज आहे, स्फटिकाची ठेवणसुद्धा वेगळी, स्क्लोदोव्स्काइट मोनोक्लिनिक आणि कुप्रोवालं ट्रायक्लिनिक. आणि एकच शब्द लिहा, मधे जागा नको, डॅश नको.

यांचं अख्खं कुटुंब आहे, युरेनोफेन गट म्हणतात. कॅल्शियमवालं ते युरेनोफेन, मॅग्नेशियमवालं स्क्लोदोव्स्काइट, तांब्याचं कुप्रोस्क्लोदोव्स्काइट, पोटॅशियमचं बोल्टवुडाइट, शिशाचं कॅसोलाइट. नावं बघून ही सगळी एका घरातली वाटतील का, अजिबात नाही. एक ग्रीक शब्दावरनं, एक पोलिश बाईवरनं, एक अमेरिकेच्या बर्ट्रम बोल्टवुडवरनं, ज्यानं युरेनियम आणि शिसं मोजून दगडांचं वय काढायला सुरुवात केली, आणि एक कटांगातल्या कासोलो गावावरनं. कुप्रो लागलं तिथंच काय ते नातं नावात दिसतंय.

दुसरा नेहमी भेटणारा उपसर्ग म्हणजे 'मेटा'. युरेनियमचंच एक खनिज टॉर्बर्नाइट आणि त्याचं मेटाटॉर्बर्नाइट. हा पाण्याचा खेळ, टॉर्बर्नाइटमधलं थोडं पाणी उडालं की मेटा होतं, आणि ते कोरड्या हवेत आपोआप होतं त्यामुळं जुन्या संग्रहातली टॉर्बर्नाइटची लेबलं बऱ्याचदा आता मेटा लावून वाचायला लागतात.

आइट दिसलं म्हणून खनिज समजू नका

हे कोल्हापूरकरांना सांगायला सोपं आहे. राधानगरी, शाहूवाडी, चंदगडकडचं बॉक्साइट सगळ्यांना माहीत आहे, पण बॉक्साइट हे एक खनिज नाही, गिब्साइट, बोहमाइट, डायस्पोर अशा खनिजांचं मिश्रण आहे, म्हणजे खरं तर खडक. पन्हाळ्याला, मसाई पठारावर पायाखाली जो जांभा आहे त्याला लॅटेराइट म्हणतात, तोही खडक, लॅटिनमध्ये लेटर म्हणजे वीट, कारण त्याच्या विटा पाडतात, बुकाननला मलबारात तो दिसला आणि १८०७ ला त्यानं हे नाव दिलं. आणि खाणीत वापरतात ते डायनामाइट, त्याचा खनिजाशी काही संबंध नाही. उलटं पण होतं, रुदरफर्डिन हे युरेनियमचंच खनिज, अर्नेस्ट रुदरफर्डच्या नावाचं, १९०६ चं, पण त्याला आइट नाही.

आणि एक आपल्यासाठी खास. इंग्रजी यादीत 'एम ओ एच आय टी ई' असं स्पेलिंग दिसलं तर आपण मोहिते वाचणार, आपल्याकडं प्रत्येक गल्लीत एक मोहिते आहेत. पण ते मोहाइट आहे, तांबं, कथिल आणि गंधकाचं खनिज, गुंटर मोह या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाचं. रोमन लिपीतनं नाव उचलताना प्रत्येक वेळी शेवटचं आइट आधी ओळखा म्हणतो ते यासाठीच.

हीच किल्ली बाकीच्यांना लावून बघा

युरेनियम या शब्दापासनंच सुरू करा. १७८९ ला क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं पिचब्लेंडमध्ये नवं मूलद्रव्य ओळखलं आणि १७८१ ला हर्शेलनं शोधलेल्या युरेनस ग्रहाचं नाव त्याला दिलं. हा ग्रह म्हणजे आपल्या पत्रिकेतला हर्षल. मराठीत आपण ग्रहाला शोधणाऱ्याचं नाव लावलं त्यामुळं युरेनियम आणि युरेनस हा धागा मराठी पोरांना चटकन दिसत नाही, तो दाखवून द्यावा लागतो. पिचब्लेंड हे जर्मन खाणकामगारांचं नाव, पेख म्हणजे डांबर, काळं चकचकीत दिसतं म्हणून, आणि ब्लेंड म्हणजे फसवणारं. शास्त्रीय नाव युरेनिनाइट. आपल्या झारखंडच्या जादूगुडा खाणीत मुख्य खनिज तेच.

गावावरनं आलेली नावं: ऑट्युनाइट फ्रान्सच्या ओतँ गावावरनं, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली हिरवट पिवळं चमकतं ते हेच. त्युयामुनाइट किर्गिझस्तानातल्या त्युया-मुयूनवरनं. माणसावरनं आलेल्यात टॉर्बर्नाइट मजेशीर आहे, स्वीडनच्या टॉर्बर्न बर्गमनचं, म्हणजे आडनाव नाही, पाळण्यातलं नाव घेतलंय. माझं सगळ्यात आवडतं मात्र युरॅनोसर्साइट. सर्स ऐकून सर्कस आठवेल पण ते ग्रीक किर्कोस, ससाणा. सॅक्सनीत फाल्केनश्टाइन गावाजवळ सापडलं, आणि फाल्के म्हणजे जर्मनमध्ये ससाणा, म्हणून गावाच्या नावाचं ग्रीक करून खनिजाला लावलं.

आणि नावात रसायन भरलेलं बघायचं असेल तर पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणीतलं निळंशार कॅव्हन्साइट बघा, कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन, तिघांची पहिली अक्षरं जोडून केलेलं. युरेनियमशी संबंध नाही, पण हाताळता येतं, आणि पोरांना नाव फोडायला शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण महाराष्ट्रात नाही.

वापरायचं कुठं, कुठं नाही

रेडियम या शब्दाचं आपल्याकडं काय झालं ते बघा. गाडीच्या नंबरप्लेटवर चमकणारा स्टिकर म्हणजे रेडियम, तो कापून देणारं दुकान म्हणजे रेडियमवाला, आणि त्यात रेडियमचा कणही नसतो. एकेकाळी घड्याळाच्या काट्यांना खरं रेडियम घातलेला रंग लावायचे, अंधारात दिसायचा, तिथनं तो शब्द घसरत चमकणाऱ्या सगळ्याला लागला. बोलीत ते चालतंय, कुणाला टोकायची गरज नाही. पण स्क्लोदोव्स्काइट हे नाव अजून कोरं आहे, मराठीत ते नुकतंच येतंय, तर ते पहिल्यापासनं नेमकं वापरूया. पिवळा दगड दिसला म्हणून ते नाव लावायचं नाही. युरेनियमची पिवळी खनिजं डोळ्यांनी ओळखू येत नाहीत, युरेनोफेन आणि स्क्लोदोव्स्काइट शेजारी ठेवलं तर अनुभवी माणूससुद्धा एक्स-रे तपासणीशिवाय खात्रीनं सांगणार नाही. नेटवरचा फोटो वापरत असाल तर खाली कुठल्या खाणीचा नमुना ते लिहिलेलं असेल तरच घ्या.

आपल्या भागात हे सापडेल का असं पोरं हमखास विचारतात. आपला काळा कातळ म्हणजे लाव्हाचा बेसाल्ट, त्यात युरेनियम नावापुरतं. पंचगंगेच्या काठावर शोधायला जाऊ नका.

आणि विकत घ्यायचा विचार मनातनं काढा. हे खनिज चांगलंच किरणोत्सारी आहे, वजनाच्या निम्म्याहून जास्त युरेनियमच असतं, त्यातनं रेडॉन वायू निघत राहतो, सुया ठिसूळ त्यामुळं धूळ होते आणि ती श्वासातनं गेली की धोका. शिवाय अणुऊर्जेच्या कायद्याखाली युरेनियमची खनिजं सरकारी नियंत्रणात येतात, परवान्याशिवाय जवळ बाळगायची नाहीत, बाहेरच्या साइटवरनं मागवायची नाहीत. शाळेत फोटो लावा, मॉडेल करा, पिवळे दोरे चिकटवून सुयांचा झुपका करा, खरा नमुना नको.

तक्त्यावर काय लिहायचं ते तयार देतो, जसंच्या तसं घ्या: 'स्क्लोदोव्स्काइट. मॅग्नेशियम असलेलं युरेनियमचं सिलिकेट खनिज. प्रथम वर्णन आल्फ्रेड स्खूप, १९२४. शिंकोलोब्वे, कटांगा. मारी स्क्लोदोव्स्का क्युरी यांच्या सन्मानार्थ नाव.' शेजारी पिएर यांचा फोटो असेल तर त्याखाली क्युराइट, १९२१, शिसं असलेलं, नारिंगी लाल. आणि मारी यांच्या फोटोखाली नाव लिहिताना स्क्लोदोव्स्का आणि क्युरी एकाच साइजच्या अक्षरात घ्या.